दोनशे सतरा, मागचा बाक

६ जानेवारी

माननीय कुलगुरू महोदय,

असं लिहायचं असतं म्हणे. तुझ्या कचेरीबाहेर बसणाऱ्या बाईंनी सांगितलं, म्हणून एकदा लिहून मोकळी झाले. यापुढे मात्र मी तुला धाकट्याच म्हणणार. ज्याचं नाक मी सात वर्षं पुसलं, त्याला महोदय म्हणायला माझी जीभ वळत नाही आणि पेनही वळत नाही.

काल अकराच्या तासाला गेले तर खोली क्रमांक बाराच्या दारावर नोटीस. खाली तुझी सही. शेवटच्या अक्षराला शेपूट काढायची खोड अजून गेली नाही म्हणायची. दोनदा वाचली. मूल्यांकन समिती येणार आहे, तेव्हा नोंदणीकृत विद्यार्थ्यांखेरीज कोणीही वर्गात बसू नये, आणि वर्गांमधले मागचे जादा बाक पंचवीस तारखेपर्यंत काढून न्यावेत.

माझ्याबरोबर घड्याळजींची सून होती आणि शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर होते. मास्तर म्हणाले, "आता काय करायचं, ताई?" मी म्हटलं, "काय करायचं म्हणजे? तास सुरू झालाय, आत बसायचं." बसलो. खडकांचे थर कसे साचतात ते शिकवणं चाललं होतं. शिकवणारी मुलगी तिशीतली आहे, गोड आहे. तिने नोटीस पाहिली, आमच्याकडे पाहिलं आणि फळ्याकडे तोंड केलं. तिचा हात दगडाखाली आहे, मला कळतं. माझा नाही.

तुला हे "जादा बाक" म्हणजे नक्की काय आहेत, हे कोणी सांगितलंय का? तू जवळजवळ चाळीस वर्षं इथे नव्हतास. आलास त्याला चौदा महिने झाले. तुझा बंगला माझ्या घरापासून पायी अर्ध्या तासावर आहे, आणि त्या चौदा महिन्यांत तुझ्याकडून एक फळांची टोपली आली, तीही ड्रायव्हरच्या हाती. टोपलीचा कान सुटला होता. तो विणून टोपली परत पाठवली, ती मिळाली असेल.

तर ऐक. या विद्यापीठाच्या प्रत्येक वर्गातला शेवटचा बाक गावाचा आहे. कोणीही यावं, बसावं, ऐकावं. मधे बोलायचं नाही, प्रश्न तास संपल्यावर विचारायचा, आणि पावसाने पाय चिखलाचे असतील तर धुऊन यायचं. एवढेच नियम. ते कुठे लिहिलेले नाहीत, पण गेल्या चाळीस वर्षांत तुझ्याआधी कुलगुरू अकरा झाले, त्यातल्या एकानेही त्या बाकाला हात लावला नाही. अकरातले दोघे तर अगदी कोरडे होते.

आणि माझ्यापुरतं म्हणशील तर तुझी नोटीस मला लागूच होत नाही. मी नोंदणीकृत आहे. पटावर माझा क्रमांक दोनशे सतरा. तो कोणी लिहिला ते तुला ठाऊक आहे.

तुझी,
ताई


११ जानेवारी

धाकट्या,

तुझ्या कचेरीचं पत्र मिळालं. "आपले दिनांक ६ चे पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात येत आहे." तुझ्यामाझ्या संबंधातला विभाग एकच होता, आई. ती तू आठ वर्षांचा असताना गेली. तेव्हा पत्र आणखी कुठे हिंडायला न जाता तुझ्याच टेबलावर यावं म्हणून यावेळी पाकिटावर मोठ्या अक्षरांत "घरगुती" लिहिलं आहे.

पहिल्या वर्षी तपासनीस आले त्या दिवसाबद्दल तू काय धरून बसला आहेस ते मी ओळखून आहे. तू तेव्हा वर्गाच्या खोलीत नव्हतास. म्हणजे तेव्हा खोल्या नव्हत्याच. दोरखंडाच्या बंद कारखान्याची ती एकच लांबच लांब शेड, दोनशे पावलांची. दोर ओढायला लांबी लागते म्हणून तशी बांधलेली. विद्यापीठ काढणाऱ्या मोठ्या सरांनी गोणपाटाचे पडदे लावून तिचे सात वर्ग केले. इतिहासाच्या वर्गात बसलं की रसायनशास्त्र फुकट ऐकू यायचं. काथ्याचा वास भिंतीतून शेवटपर्यंत गेला नाही.

आपल्याकडे विद्यार्थी होते एकशे एकोणनव्वद. सरकारची अट होती तीनशेची. तीनशे नाहीत तर विद्यापीठ नाही, मग शिकायचं तर पुन्हा नऊ तास गाडीने त्या मोठ्या शहरात जा. ज्यांना जाता येत नाही त्यांनी आपापल्या बापाचा धंदा करावा. मी तोच करत होते. बाबांनी मला खुर्च्यांना वेत विणायला शिकवलं, चौथीनंतर शाळा सुटली ती तिथेच.

तू तेव्हा वीस वर्षांचा, पहिल्या तुकडीतला खरा विद्यार्थी, आणि अक्षर चांगलं म्हणून पट तुझ्या हातात. सरकारचे तीन तपासनीस येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी पाववाला, घड्याळजी, न्हावी, दाई असे सगळे मोठ्या सरांकडे आले. पाववाला म्हणाला, "सर, माणसं कमी पडतात ना? माणसं आहोत की आम्ही." मोठे सर म्हणाले, "मी हे पाहिलं नाही," आणि पट तुझ्यापुढे सरकवून बाहेर गेले. तू लिहीत गेलास. एकशे नव्वदपासून तीनशे चारपर्यंत. दोनशे सतराला माझ्याकडे मान वर करून पाहिलंस आणि म्हणालास, "ताई, तू पण?" मी म्हटलं, "लिही."

दुसऱ्या दिवशी आमची फजिती झाली ती कोणी बोलावून आणली नव्हती, आमच्याच शहाणपणाने झाली. विद्यार्थ्यांसारखं दिसायचं म्हणून आम्ही सगळे पहाटे अंघोळ करून, ठेवणीतले कपडे घालून, अर्धा तास आधी येऊन पहिल्या रांगांत बसलो. प्रत्येकाकडे नवी कोरी वही, टोक काढलेली पेन्सिल. खरे विद्यार्थी आले उशिरा, केस विस्कटलेले, मागे बसून डुलक्या घेऊ लागले. घड्याळजींना भिंतीवरचं बंद घड्याळ बघवेना. तपासनीस दारात उभे असताना हा गृहस्थ स्टुलावर चढून घड्याळ उघडतोय. दाईने शरीरशास्त्राच्या सरांना मधेच थांबवून सांगितलं, "तुमच्या त्या चित्रातलं बाळ उलटं आहे." खरंच उलटं होतं. आणि तास संपल्याची घंटा झाली तर आमच्यातलं कोणी उठेना. पाववाला म्हणाला, "पण अजून पुरतं सांगून झालं नाही."

तिथेच आमचं बिंग फुटलं. तिघांतले म्हातारे तपासनीस, जाड भिंगांचे, गणिताच्या वर्गात माझ्यासमोर येऊन थांबले. फळ्यावर कोन काढलेले होते. मला विचारलं, "एका बिंदूभोवती साठ अंशांचे कोन किती बसतील?" मी म्हटलं, "सहा." म्हणाले, "कशावरून?" मी म्हटलं, "खुर्चीच्या विणीवरून, साहेब. तीन दिशांनी पट्ट्या ओढल्या की मधे सहा कोनांचं भोक पडतं. सातवा कोन घुसवायला गेलं तर वेत तुटतो."

त्यांनी माझे हात पाहायला मागितले. उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "हे घट्टे पेनाचे नव्हेत."

"नव्हेत साहेब. वेताचे आहेत."

"उद्या येणार का?"

"येणार."

"परवा?"

"परवाही."

"कुठवर?"

मी म्हटलं, "तुम्ही शिकवायचं बंद करत नाही तिथवर."

मग त्यांनी पाववाल्याला तेच विचारलं. न्हाव्याला विचारलं. दाई म्हणाली, "बाळंतपण नसेल त्या दिवशी येईन," तर ते हसले. आणि बाकी दोघांकडे वळून म्हणाले, "पट बरोबर आहे."

तू दारात उभा होतास. तू एवढंच ऐकलंस, "पट बरोबर आहे." तुला वाटलं, म्हातारा फसला. धाकट्या, म्हातारा फसला नव्हता. त्याने सगळं पाहून सही केली. आमच्याकडून शब्द घेतला आणि त्या शब्दावर विद्यापीठ दिलं. हे मी तुला तेव्हा सांगायला आले होते. तू ऐकायला थांबला नाहीस.

ताई


१९ जानेवारी

धाकट्या,

चला, हाताने लिहिलेलं दोन पानी पत्र आलं. कचेरीचा शिक्का नाही. मी ते दोनदा उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

तुझं म्हणणं असं. तपासनिसाने डोळेझाक केली म्हणून खोट्याचं खरं होत नाही. ज्या पटावर तू वीस वर्षांच्या वयात एकशे पंधरा खोटी नावं लिहिलीस, तो काचेच्या पेटीत ठेवून लोक त्याला हार घालतात, याची तुला लाज वाटते. चाळिसाव्या वर्षाची स्मरणिका छापायला निघाली आहे, तिच्या पहिल्या पानावर "तीनशे चार विद्यार्थ्यांनिशी शुभारंभ" होतं, ते तू खोडून "एकशे एकोणनव्वद" केलंस. उद्या समितीतल्या कोणी विचारलं, की हे बाहेरचे लोक वर्गात कधीपासून आणि का बसतात, तर खोटं उत्तर देणं तुला जमणार नाही. त्यापेक्षा बाकच नकोत. आणि तू त्याच आठवड्यात सरकारला सगळं खरं कळवलं होतंस, त्यांनी साधी पोचही दिली नाही. "तेव्हा कळलं की खऱ्याची चाड वरपासून खालपर्यंत कोणालाच नाही," असं लिहितोस.

शेवटचं वाक्य मी सध्या बाजूला ठेवते.

आधी आकड्याचं. एकशे एकोणनव्वद लिहिलंस, बरं केलंस. पण ते एकशे पंधरा गेले कुठे? मी तुला खरा हिशेब देते, कारण तुला खरं आवडतं. दिलेला शब्द सगळ्यांनी पाळला नाही. पहिल्या महिन्यात साठेक जण येत होते. वर्षअखेर एकतीस उरले. न्हावी पंधरा दिवसांत कंटाळला, म्हणाला, "बोलायचं नाही म्हणजे काय, माझा धंदाच बोलण्याचा." पण त्या एकतिसांतल्या तेवीस जणांनी रीतसर परीक्षा दिल्या आणि पदव्या घेतल्या. पाववाला एक्कावन्नाव्या वर्षी बी.ए. झाला. पदवीचा कागद त्याने भट्टीच्या वर टांगला. धगीने तो टोस्टासारखा तांबूस झाला, पण त्याने तो तिथून हलवला नाही. गिऱ्हाइकाला पाव देताना म्हणायचा, "दोन्ही एकाच भट्टीतले." दाई पुढे परिचारिकांच्या अभ्यासक्रमाला शिकवायला जायची, त्या उलट्या बाळाचं चित्र तिनेच सुलटं काढून दिलं. ते अजून वर्गात लावलेलं आहे, जाऊन बघ. आणि ज्यांनी सोडलं त्यांनी आपल्या मुलींना पाठवलं. न्हाव्याची नात तुझ्या परीक्षा विभागात आहे.

आता तुझं विद्यापीठ सव्वीस विभागांचं झालं. दोरखंडाची शेड पाडून त्या जागी ग्रंथालय आलं. एकशे त्रेचाळीस महाविद्यालयं तुझ्या सहीने चालतात. हे सगळं त्या एकशे एकोणनव्वदांवर उभं राहिलं असतं का? अट तीनशेची होती. तुझ्या आकड्याने विद्यापीठ त्याच दिवशी बंद होतं, आणि मग तू आज कुठला कुलगुरू? ज्या फांदीवर बसलास ती लावणारे खोटे होते असं म्हणतोस, आणि पुन्हा बसतोसही तिच्यावरच.

मी इतकी वर्षं काय केलं ते विचारलं नाहीस, तरी सांगते. रोज एक तास. गणित चार वर्षं, त्यानंतर वनस्पती, कायदा, इतिहास दोनदा, कारण पहिल्यांदा शिकवणारे झोपवायचे. आता भूशास्त्र. तुझे भाऊजी गेले त्या आठवड्यातले सहा दिवस सोडले तर गैरहजेरी विशेष नाही. सकाळी वेत भिजत घालायचा, तो मऊ पडेपर्यंत तास होतो, परत येऊन विणायला बसायचं. विद्यापीठाच्या खुर्च्या मीच विणत आले. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिक आलं, पण सभागृहातल्या चाळीस आणि तुझ्या दालनातली ती उंच पाठीची, या अजून माझ्या हातच्या आहेत. तू ज्याच्यावर बसून नोटीस काढलीस ते बूड माझं आहे. म्हणजे खुर्चीचं.

परीक्षा का दिली नाही, असं विचारशील. मुद्दाम नाही दिली. कायद्याच्या वर्गात असताना तिथल्या सरांना धरून बसले आणि पहिल्या नियमांचं पुस्तक कलमासकट समजून घेतलं. कलम एक्केचाळीस. ज्याने शेवटची परीक्षा उत्तीर्ण केलेली नाही आणि नाव कमी करण्याचा अर्जही दिलेला नाही, त्याचं नाव पटावर राहील. पुढे नियम बदलले, पण पूर्वीच्या पटावरच्यांना पूर्वीचेच नियम लागू, हेही त्यात आहे. पास झाले असते तर एक कागद हातात देऊन तुम्ही मला घरी पाठवलं असतं. म्हणून मी नापासही झाले नाही आणि पासही झाले नाही. विणीतली एक पट्टी सैल ठेवतात ना, पुढची जोडायला, तशी राहिले.

आणि तू जे देऊ केलं आहेस, समारंभात सन्मानपत्र, शाल आणि पहिल्या रांगेत खुर्ची, ते राहू दे. पहिल्या रांगेत एकदा बसून पाहिलंय, तिथे बसलं की माणूस पकडला जातो.

काल तुझ्या देखभाल विभागाचा सुतार बाक काढायला आला होता. वाकून बघितलं, पाना लावला, कपाळावरचा घाम पुसला. म्हणाला, "ताई, बोल्ट गंजलेत. निघत नाहीत." मी म्हटलं, "गेल्या महिन्यात तूच तेल घातलंस ना रे त्यांना?" तर म्हणतो, "तेल घातलं की कधी कधी जास्त गंजतात." त्याची बायको अर्थशास्त्राच्या मागच्या बाकावर बसते. तेव्हा त्याला रागावू नकोस. सुंभ जळलं तरी पीळ जळत नाही, आणि हे गाव तर दोरखंडवाल्यांचं.

ताई


२३ जानेवारी

धाकट्या,

बाजूला ठेवलेलं वाक्य आता घ्यायला हवं. गेले चार दिवस वेत हातात घेते आणि तसाच ठेवते.

सरकारने तुला पोच दिली नाही, कारण तुझं पत्र सरकारला मिळालंच नाही. तू ते बंद करून माझ्याकडे दिलं होतंस, मी वेताचं पार्सल आणायला टपालकचेरीत निघाले होते म्हणून. मी पार्सल आणलं आणि पत्र टाकलं नाही.

आत काय होतं ते मला माहीत होतं, तू लिहिताना मोठ्याने म्हणत होतास. मी खिडकीपाशी उभी राहिले. पुढचा माणूस सरकला, मी सरकले नाही. माझ्या मनात एकच आलं, की काल मी "उद्या येणार" म्हणून सांगितलंय.

त्यानंतर सहा महिने तू रोज पोस्टमनला दारात गाठायचास. तो मान हलवायचा. तुझा चेहरा मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. एकदा बोलले असते तर तू दुसरं पत्र लिहिलं असतंस, स्वतः टाकलं असतंस. म्हणून बोलले नाही. मग तू ट्रंक भरलीस आणि म्हणालास, "इथे सगळे एकाच माळेचे मणी आहेत," आणि गेलास. त्या माळेत मी पहिली होते, हे तुला ठाऊक नव्हतं. तुझ्या चाळीस वर्षांच्या रागाचं बी मी पेरलं. ते लपवून मी तुला गेल्या तीन पत्रांत शहाणपण शिकवलं, याची आता लाज वाटते.

पाकीट सोबत ठेवलं आहे. वेताच्या पेटीच्या तळाशी होतं, त्याला वास लागलाय. फोडलेलं नाही. तिकीट जुनं झालं, तेवढं नवं लावावं लागेल. सरकारला पाठव, समितीच्या हातात दे, स्मरणिकेत छाप. तो तुझा हक्क होता आणि मी तो दाबून धरला. मी आता तुला अडवणार नाही.

यात माफी आहे. पण अर्धीच. तुझं टपाल अडवलं, तुला सहा महिने पोस्टमनच्या तोंडाकडे बघायला लावलं, त्याची माफी मागते, पाय धरून मागते. विद्यापीठ वाचलं त्याची मागत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर काय करीन म्हणून विचारशील, तर तेच करीन. फक्त तुला तोंडावर सांगून करीन.

समिती गुरुवारी येते आहे. मी अकरा वाजता खोली क्रमांक बारात असेन.

ताई


३१ जानेवारी

धाकट्या,

गुरुवारचं मला माझ्या बाजूने लिहू दे. तुझ्या बाजूचं तुझ्याकडे असेलच.

फाटकावरच्या पहारेकऱ्याला आम्हाला अडवायचा हुकूम होता. आम्ही सात जण होतो. तो आम्हाला पाहून आभाळाकडे बघायला लागला. मास्तरांनी विचारलं, "काय दिसतंय?" तर म्हणाला, "ढग आहेत. मला ढगांची फार आवड." आम्ही आत गेलो.

तुम्ही बाराव्या खोलीत आलात तेव्हा मुलगी फळ्यावर थर काढत होती. तिचा खडू मोडला. समितीच्या अध्यक्षबाई, त्या पांढऱ्या केसांच्या, सरळ मागे चालत आल्या. मला तो म्हातारा आठवला, भिंगांचा. तूही आठवलास, दारात उभा असलेला. या वेळीही तू दारातच होतास.

त्यांनी विचारलं, "या कोण?"

आणि तू म्हणालास, "ही माझी मोठी बहीण."

सगळे हसले. अध्यक्षबाईंनी हात जोडले. कोणीतरी म्हणालं, "अरे वा, म्हणजे घरचंच माणूस." कोणी पुढची खुर्ची ओढायला धावलं. धाकट्या, चाळीस वर्षांनी तू मला चारचौघांत बहीण म्हणालास, मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. बहीण म्हणून बसू दिलंस तर तो कुलगुरूंचा उपकार झाला. मग घड्याळजींच्या सुनेने कोणाची बहीण व्हायचं? सुताराच्या बायकोने कोणाची?

म्हणून उठून उभी राहिले. गुडघा कुरकुरला, तो सगळ्यांना ऐकू गेला. म्हटलं, "ते घरी, बाई. इथे मी दोनशे सतरा. हजर."

अध्यक्षबाईंनी तुझ्याकडे पाहिलं. "दोनशे सतरा म्हणजे?"

मी तुझ्या कोटाच्या खिशाकडे बघत होते. पाकिटाचा पिवळा कोपरा बाहेर आलेला होता. वाटलं, आता काढेल. मनाशी म्हटलं, काढला तर काढू दे, त्याचाच आहे. सभागृहाच्या चाळीस खुर्च्या विणताना मला कधी इतका वेळ लागल्यासारखं वाटलं नव्हतं.

मग तू म्हणालास, "पहिल्या पटावरचा क्रमांक आहे. सरकारची अट पुरी करायला गावातली एकशे पंधरा माणसं आदल्या दिवशी पटावर घेतली, त्यातला. नाव मी लिहिलं आहे. माझ्या हाताने."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आणि त्या अजून येतात?"

"रोज," तू म्हणालास. "असं त्या सांगतात. मी पाहायला इथे नव्हतो."

मी त्या दिवसापासून तुझं ते बोलणं मनात घोळवते आहे. ती कबुली होती की अभिमान, हे मला उलगडलं नाही. तुला उलगडलं का? आवाज वीस वर्षांच्या मुलाचा होता एवढं खरं. खरं बोलायचं म्हणून हटून बसलेला तोच मुलगा. तुला जे सरकारला सांगायचं होतं ते तू सांगितलंस, पोचही समोरच मिळाली, आणि विद्यापीठही जागेवर आहे. मी तेव्हा खिडकीशी उभी राहून घाबरले, ते कदाचित उगाच घाबरले. तो म्हातारा तरी काय, सगळं पाहूनच सही करून गेला होता. हे मला आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

समिती काय शेरा देते ते देवो. अध्यक्षबाईंनी वहीत काय लिहिलं ते मला दिसलं नाही. गुण कापले तर कापले. तुझ्या कचेरीत काही जण नाराज आहेत, असं न्हाव्याची नात सांगत होती. स्मरणिकेत कुठला आकडा छापायचा ते तुझं तू ठरव. मी म्हणेन दोन्ही छाप, आणि मधे काय झालं तेही छाप. ते लाजेचं वाटलं तर लाजेचं म्हणून छाप, पण नावं गाळू नकोस. पाववाला आता नाही, त्याच्या भट्टीवरचा कागद आहे.

नोटीस अजून भिंतीवर आहे. काढ किंवा ठेव, आम्ही तिच्याखालीच बसतो. सुतार पुन्हा येऊन बोल्ट बघून गेला, म्हणाला आणखी गंजलेत.

पाकिटाचं काय केलंस ते मी विचारणार नाही.

आणखी एक. गुरुवारी दालनावरून जाताना तुझी ती उंच पाठीची खुर्ची दारातून दिसली. बूड डावीकडे खचलंय. तू डावीकडे कलून बसतोस, लहानपणापासून बसतोस. ती कोणाबरोबर पाठवू नकोस, ड्रायव्हरच्या हाती तर मुळीच नको. स्वतः घेऊन ये. दोन दिवस लागतील, तोवर तुला बसायला जागा हवी, तर बाराव्या खोलीत मागच्या बाकावर माझ्या शेजारी जागा आहे. सोमवारी अकराला तास आहे. उशीर झाला तरी चालेल. खरे विद्यार्थी उशिराच येतात.

तुझी,
ताई